थोरलीची राखण

वाटणीच्या दिवशी पंचांनी विहीर वाटली, बैल वाटले, पितळेची घंगाळं वाटली, गोठा कुणी झाडायचा तेही ठरवून दिलं; आणि दिवस कलायला लागल्यावर भुकेनं कावलेल्या त्या पाच शहाण्यांनी महालक्ष्म्यांचे दोन मुखवटेसुद्धा वाटून टाकले. थोरली व्यंकटरावांना, धाकटी दिनकररावांना. दोन भाऊ, दोन मुखवटे, चला उठा. या दोघी बहिणी आहेत, दरवर्षी जोडीनं येतात, जोडीनं जेवतात, जोडीनं जातात, आणि एक बोरीत नि दुसरी परभणीत राहिली तर सण नेमका कुणाच्या घरी व्हायचा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यातल्या एका पंचाला त्या संध्याकाळी घरी बायकोनं जेवायला वाढलं नाही, असं गावातल्या बायका अजून सांगतात. बरं केलं.

तेव्हापासून सहा वर्षं बोरीच्या घरात थोरली एकटी उभी राहायची आणि तिच्या शेजारी तांब्याच्या कलशावर नारळ. केशरबाई त्या नारळाला खण नेसवायची, नथ अडकवायची, काजळसुद्धा घालायची. परभणीत दिनकररावांच्या घरी धाकटीच्या शेजारी असाच एक नारळ असायचा म्हणे. आणि भांडण कशावरून, तर दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून. ती बाभूळ तर केव्हाच वाळून गेली होती. पण व्यंकटराव बोलत नव्हते म्हणून दिनकरराव बोलत नव्हते, आणि दिनकरराव बोलत नव्हते म्हणून व्यंकटरावांना बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं.

या भांडणाचा सगळ्यात जास्त त्रास यंदा कुणाला झाला असेल, तर तो व्यंकटरावांच्या द्वारकेला. वय सतरा. जिंतूरला रोज एसटीनं जाऊन येऊन बारावी सायन्स पास झालेली. परभणीच्या कृषी विद्यापीठात तिनं गुपचूप अर्ज केला होता आणि मुलाखतीचं पत्रही आलं होतं. बापाकडे तिनं विषय नुसता काढून पाहिला, तेव्हा व्यंकटराव लगेच नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "राहायचं कुठं? हॉस्टेलात पोरगी ठेवायची न्हाई. परभणीत आपलं माणूस कोण हाय?"

सख्खा भाऊ त्याच विद्यापीठाच्या कचेरीत कारकून होता, आवारातच क्वार्टरमध्ये राहत होता. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती. आणि मग व्यंकटरावांनी जिंतूरच्या एका कापडवाल्याचं स्थळ आणलं. पाहुणे लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच यायचे होते, म्हणजे जेवणही होईल आणि मुलगीही बघून होईल. एका पुरणात दोन कामं!

म्हणजे आज लक्ष्म्या यायच्या, उद्या पाहुणे, आणि परवा सकाळी दहाला परभणीत मुलाखत. द्वारकेनं हे इतक्या वेळा मनात मोजलं होतं की झोपेतसुद्धा तिची बोटं हलायची.

त्या सकाळी व्यंकटराव पाहुण्यांना पुन्हा एकदा आवतण द्यायला जिंतूरला गेले आणि केशरबाईनं लेकीला देवघरात बोलावलं.

"दार लोटून घे," ती म्हणाली. तिच्या मांडीवर थोरलीचा मुखवटा होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. तो तिनं हिरव्या खणात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि पिशवी द्वारकेच्या हातात दिली. "ही घे अन् परभणीला जा. तुझ्या सुमनकाकूच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या न्हाई."

"माय! अन् बाबा?"

"त्यास्नी मी सांगते. जेवल्यावर. उपाशीपोटी सांगत असत्यात व्हय?"

"अन् आपल्याकडं काय मांडायचं? दोन नारळ?"

केशरबाई हसली, पण डोळे भरून आले होते. "सहा वर्षं झाली, द्वारके. दोघी बहिणींनी एकमेकीचं तोंड पाह्यलं न्हाई. आपल्या घरच्या येडेपणापायी. आपल्याकडं न्हाई तर न्हाई, सुमनच्या घरी तरी जोडीनं उभ्या राहू दे. मला बघायला मिळालं न्हाई तरी चालतंय."

द्वारकेनं माईच्या गळ्याला मिठी मारली. मग खोलीत जाऊन गादीखालचं मुलाखतीचं पत्र काढलं आणि खणाच्या खाली सारलं. कशासाठी, ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. परभणीला निघालोच आहोत तर पत्र घरी कशाला ठेवायचं, एवढंच.

*

झरीच्या अलीकडे एसटी थांबली ती थांबलीच. रस्त्यावर माणसं बसली होती, निळे झेंडे होते, 'नामांतर झालंच पाहिजे'च्या घोषणा होत्या. कंडक्टरनं खाली उतरून चौकशी केली आणि परत येऊन सांगितलं, "रास्ता रोको हाय. चारच्या आत सुटत न्हाई. आमी गाडी माघारी जिंतूरला घेणार. पलीकडची परभणीला माघारी जायलीय. ज्याला परभणीला जायचंय त्यानं चालत पलीकडं जावं."

द्वारका पिशवी छातीशी धरून उतरली. बसलेल्या बायकांत पहिल्याच रांगेत तिला कुसुमबाई दिसल्या, बोरीच्या शाळेत तिला विज्ञान शिकवणाऱ्या. निळ्या काठाची पांढरी साडी, डोक्यावर पदर, घसा बसलेला. अर्ज त्यांनीच भरायला लावला होता.

"द्वारका! मुलाखत कधी हाय गं तुझी?"

"परवा, बाई."

"मग आज कुठं निघालीस?"

"लक्ष्मी पोचवायला. अन् पत्र हाय पिशवीत."

कुसुमबाई बसलेल्या घशानं मोठ्यानं हसल्या. शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "बघा गं, आपण एका विद्यापीठासाठी उन्हात बसलोत अन् ही दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र लक्ष्मीखाली लपवून न्यायलीय!" मग एकदम हळू आवाजात, "लपवायची गोष्ट न्हाई ती, पोरी. पहिल्या बाकावर बसायचं, ध्यानात ठेव. जाऊ द्या गं तिला, वाट द्या."

बायकांनी पाय आखडून वाट दिली. एकीनं तांब्यातलं पाणीसुद्धा दिलं. द्वारका पलीकडे निघाली, तर समोरून एक उंच पोरगा तशीच एक पिशवी तशीच छातीशी धरून येत होता.

सूर्यभान!

आता हा सूर्यभान कोण, तर सुमनकाकूचा भाचा. कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलात राहणारा. मागच्या पोळ्याच्या सुमारास त्यांचं शिबिर बोरीत आलं होतं. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची पानं लाल का पडली, हे तो शेतकऱ्यांना मोठ्या ऐटीत समजावून सांगत होता, पाणी कमी पडलंय म्हणून. मागून एक पोरगी पुढं आली, तिनं पान उलटं केलं आणि म्हणाली, "पाणी भरपूर हाय. हे बघा तुडतुडे, रस शोषायलेत. तिरपे पळायलेत." सगळं शेत हसलं. दुसरा असता तर चिडला असता. सूर्यभान गुडघ्यावर बसून त्या पानाकडे बघत राहिला, मग पानाला सोडून तिच्याकडे. त्यानंतर वर्षभर द्वारकेच्या नावानं टपालानं विद्यापीठाची पत्रकं येऊ लागली. 'कापसावरील किडी', 'ज्वारीची खोडमाशी', असली. प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीनं एकच ओळ असायची. खोडमाशीच्या पत्रकावरची ओळ द्वारकेला तोंडपाठ होती आणि तिच्यात खोडमाशीचा काही संबंध नव्हता.

"तू इथं?" तो म्हणाला.

"तुमी कुठं निघालात?"

"बोरीला. तुमच्याच घरी." त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि पिशवीचं तोंड जरासं उघडलं. पिवळ्या खणातून धाकटीची नथ चमकली. "आत्यानं दिलीय. म्हणाली, अक्काच्या, म्हंजे तुझ्या माईच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या न्हाई. काका कचेरीत गेल्यावर गुपचूप काढली."

द्वारकेनं आपली पिशवी उघडली.

मग द्वारकेला असं हसू फुटलं की तिला खालीच बसावं लागलं. सहा वर्षं दोन भाऊ मुखवटा सोडायला तयार नव्हते, आणि आज दोन्ही जावांनी एकमेकींना न विचारता आपापला मुखवटा देऊन टाकला होता. रास्ता रोको नसता, तर दोन गाड्या या रस्त्यावर एकमेकींना हॉर्न वाजवून गेल्या असत्या, आणि संध्याकाळी थोरली परभणीत आणि धाकटी बोरीत! पुन्हा एकेकच, पुन्हा नारळ.

रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली त्यांनी दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या. द्वारकेला वाटलं, निदान इथं तरी दोघींना एकमेकींचं तोंड दिसू दे, म्हणून तिनं खण थोडे बाजूला केले.

"मग आता?" सूर्यभान म्हणाला. "ही पण घे अन् जा बोरीला. मला तसंच सांगितलंय."

"मला परभणीला द्यायला सांगितलंय."

"थोरल्या घरचा मान असतोय."

"धाकटीचं घर काय देवाचं न्हाई?"

म्हणजे वाटणीच्या वेळी ज्या लक्ष्म्या दोन्हीकडून ओढल्या गेल्या, त्याच आता दोन्हीकडून ढकलल्या जात होत्या. तिकडं दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर गाडी वळवायला लागले. एक जिंतूरकडे, एक परभणीकडे.

सूर्यभाननं घसा साफ केला. "परभणीला चल," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, लक्ष्म्यांसाठी न्हाई. ॲडमिशन झाली तर रोज भेटता येईल. मी वर्षभर तेच लिहायलोय, पत्रकांवर."

द्वारकेनं मान वळवली. लिंबामागं कुणाची तरी पऱ्हाटी होती. हात आपोआप गेला, तिनं एक पान उलटून पाहिलं. खाली बारीक, फिकट अंडी होती. ही कशाची? तिला माहीत नव्हतं. आणि आपल्याला माहीत नाही याचं तिला त्या क्षणी एवढं वाईट वाटलं, एवढी तळमळ वाटली, की मागं उभ्या असलेल्या पोराला ती पार विसरून गेली. आठवला तेव्हा ती स्वतःच दचकली.

"मला परभणीला जायचंयच," ती वळून म्हणाली. "पण एक सांगू? राग धरू नका. तुमी तिथं नसता, तरी मला जायचं असतं. मला आत्ताच कळालं ते."

सूर्यभानचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगा, चांगलाच पडला. मग त्यानं ते पान हातात घेतलं, अंडी बघितली, आणि हळूहळू हसला. "असू दे," तो म्हणाला. "पण मी तिथं हाय, ह्याचं वाईट तर वाटत न्हाई ना?"

"न्हाई," द्वारका म्हणाली. "लय बरं वाटतंय." आणि हे मात्र तिनं मान न वळवता सांगितलं.

मग ती भराभर बोलायला लागली. "ऐका. बोरीला नेल्या तर काका यायचे न्हाईत. ते कुढत बसत्यात. पण परभणीला नेल्या तर बाबा येतील. भांडायला का होईना, येतील. भांडणाला बाबा कधी गैरहजर राह्यले न्हाईत." तिनं क्षणभर ओठ चावला. "ह्यात माझा मतलब हाय, हे मला कळतंय. लक्ष्म्यांनाही कळत असंल. पण दुसरी वाट दिसत न्हाई."

जिंतूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ तिनं निरोप दिला: बोरीला केशरबाईंना सांगा, थोरली नि धाकटी दोघी परभणीला चालल्यात, सगळ्यांनी यावं. कंडक्टरनं एसटीच्या शिरस्त्याप्रमाणं निरोप दोनदा म्हणून पाहिला आणि शिट्टी मारली. दोघं परभणीच्या गाडीत चढले. मधल्या सीटवर दोन लक्ष्म्या, खिडकीशी द्वारका, कडेला सूर्यभान. सबंध वाटेत दोघं दुसरं काही न बोलता किडींविषयी बोलत होते, आणि एवढं आनंदाचं बोलणं त्या गाडीत कुणी केलं नसेल.

*

दारात पिवळा नि हिरवा, दोन्ही खण बघून सुमनकाकू उंबऱ्यावरच बसली. आधी रडली, मग हसली, मग कचेरीतून लवकर परतलेल्या नवऱ्याच्या अंगावर खेकसली, "बघत काय उभे? मुखवटे बसवायच्या कोठ्या काढा माळ्यावरच्या, दोन!"

पण उंबऱ्याच्या आत मुखवटे न्यायला ती तयार होईना. "थोरलीला थोरलीच आणील घरात," ती म्हणाली. "अक्का येईपर्यंत पाटावर बसू द्या दोघींना, बाहेर."

दिनकरराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. "अगं, दिवस मावळायच्या आत घ्यायच्या असत्यात. अन् दादा काय येतोय?"

"येतील," द्वारका म्हणाली. नाही आले तर? माईनं निरोप दिलाच नाही तर? दोघींना उंबऱ्याबाहेर बसवून ठेवण्याचं पाप आपल्या माथी. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तिनं रांगोळीची पावलं काढायला घेतली, म्हणजे हात तरी कशात गुंतले असते.

उन्हं कलली तेव्हा फाटकाशी ऑटोरिक्षा थांबली. आधी केशरबाई उतरली, इरकल नेसलेली, नाकात नथ. आणि मागून व्यंकटराव, डोळे लाल, मिशा ताठ, खांद्यावर गव्हाचं पोतं.

एवढा संतापलेला माणूस पोतं घेऊन भांडायला आलेला परभणीनं पहिल्यांदाच बघितला असेल.

"माझी लक्ष्मी टाक माघारी!" ते फाटकातूनच गरजले.

"मी आणली न्हाई, दादा," दिनकरराव म्हणाले. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य. "माझीच बोरीला निघाली होती."

"कुणी पाठवली?"

दोघा भावांनी एकाच वेळी आपापल्या बायकोकडे पाहिलं. पण बायका तिथं होत्या कुठं? त्या दोघी पाटाजवळ एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

"अन् हे पोतं?" दिनकररावांनी हळूच विचारलं.

"तुझ्या वहिनीला इच्यार!"

"बाजारच्या गव्हानं भरायच्या काय लक्ष्म्यांच्या कोठ्या?" केशरबाई डोळे पुसत म्हणाली. "शेतातलेच लागत्यात. दोघांच्या शेतातले. उतरवा आता ते, कवाचं उचलून धरलंय."

व्यंकटरावांनी पोतं उतरवलं. ते अजून बोलणार होते, बाभळीपासून सुरुवात करणार होते, तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात केशरबाईनं थोरली उचलली, सुमनबाईनं धाकटी, आणि व्यंकटराव नेमके दारात, रांगोळीच्या पहिल्या पावलावर उभे होते.

"सरका," केशरबाई म्हणाली. "लक्ष्म्या यायल्यात."

आता लक्ष्मी दारात आणि माणूस आडवा, असं कसं चालायचं? व्यंकटराव सरकले. सूर्यभाननं ताट आणि पळी घेतली नि वाजवायला सुरुवात केली, धडाधडा, जोरजोरात.

व्यंकटरावांनी दोन पावलं कसंबसं सोसलं. मग त्यांना राहवेना. "अरे, वरात हाय काय ही? थांब! असं नसतंय वाजवायचं. तीन ठोके अन् दम, तीन ठोके अन् दम. आमच्या घरची रीत हाय ती. आण इकडं!" त्यांनी ताट हिसकावून घेतलं आणि वाजवायला लागले. तीन आणि दम, तीन आणि दम. लहानपणापासून लक्ष्म्यांपुढं ताट थोरल्यानं वाजवायचं आणि दिवा धाकट्यानं दाखवायचा, हे या घरात ठरलेलं होतं. दिनकररावांनी न सांगता निरांजन उचललं आणि भावाच्या शेजारी येऊन उभे राहिले. निरांजन जरा कललं, ज्योत हलली.

"नीट धर," व्यंकटराव ताट वाजवता वाजवता म्हणाले. "सांडशील. लहानपणी पण सांडायचास."

"तू धक्का मारायचास म्हणून," दिनकरराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

द्वारका रांगोळीचं भांडं हातात धरून भिंतीशी उभी होती. आपल्या बापाच्या तोंडावर असं हसू तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती इतकी आनंदली की परवाची मुलाखत, उद्याचे पाहुणे, काही काही तिच्या मनात उरलं नाही.

*

पाहुणे आठवले ते दुसऱ्या दिवशी, भर पंगतीत, आणि तेही व्यंकटरावांना. सोळा भाज्या वाढून झाल्या होत्या, तिसरी पुरणपोळी तुपात बुडत होती, आणि त्यांचा हात तोंडाशी थांबला.

"जिंतूरचे पाहुणे! आज यायचे होते की! घरी कोण हाय?"

"कोण असणार?" केशरबाई शांतपणे आमटी वाढत म्हणाली. "कुलूप हाय."

"कुणी लावलं?"

"मी. चावी माझ्या कमरंला हाय."

"अगं, निरोप तरी धाडायचा!"

"कुणासंगं धाडू? तुमी तर पोतं खांद्यावर घेऊन भांडायला निघाला होतात."

मग दिनकररावांना ठसका लागला, तो हसण्याचा आहे हे सगळ्यांना कळलं, आणि जिंतूरचा कापडवाला आपल्या लवाजम्यासह बोरीच्या कुलपापुढं उभा आहे, हे चित्र एकेकाच्या डोळ्यांपुढं आलं. व्यंकटरावांनी रागावून बघायचा लय प्रयत्न केला. जमला नाही. तेही हसले, आणि मग पान संपेपर्यंत पुन्हा गंभीर झाले.

वाढता वाढता केशरबाई लेकीजवळ वाकली. "पत्रकं लय येत्यात तुला," ती कानात म्हणाली. "मी चौथी शिकलेली हाय बरं, समासातलं वाचता येतंय मला." द्वारकेच्या हातातला भाताचा घास खाली पडला. "घाबरू नगंस. पोरगं बरं हाय. पण आधी तुझं शिकणं, मग बाकीचं. उलटं केलंस तर माझ्याशी गाठ हाय."

"मी पण तेच म्हणाले त्यांना, माय," द्वारका म्हणाली. माईनं तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारका लवकर उठून, न्हाऊन, दोन वेण्या घालून बसली होती. बापाला अजून कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं कसं? नऊ वाजून गेले. ओसरीवर दोन्ही भाऊ चहा पीत होते, आणि बोलणं चाललं होतं ते लक्ष्म्यांचं, उद्यापासून मुखवटे कुठं ठेवायचे याचं.

"दोघी घेऊन जा बोरीला, दादा," दिनकरराव म्हणाले. "तुझा मान हाय."

"न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "एक साल इथं, एक साल तिथं. औंदा इथं बसल्यात, तर पुढल्या लक्ष्म्यांपर्यंत दोघी इथंच राहतील. एकदा तोडल्या, आता तोडायच्या न्हाईत."

"बरं."

"पण दिनू, एक गोष्ट हाय." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुझ्यावर माझा भरवसा न्हाई. बाभळीच्या वेळचं मी इसरलो न्हाई. माझी थोरली इथं राहणार, तर राखणीला माझ्या घरचं माणूस इथं पाहिजे."

दिनकररावांचा चेहरा उतरला. सुमनकाकू दारात थबकली. पुन्हा सुरू झालं, असं सगळ्यांना वाटलं.

"कोण ठेवतोस?" दिनकररावांनी विचारलं.

"द्वारकीला."

मग काकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "अन् किती दिवस ठेवायची राखण, भाऊजी?"

"चार वर्षं," व्यंकटराव म्हणाले.

द्वारका उभी राहिली. एक साल इथं नि एक साल तिथं, तर राखण चार वर्षं कशी? चार वर्षांचा अभ्यासक्रम हे फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, पिशवीतल्या पत्रात. आणि तिला आठवलं, पहिल्या दिवशी संध्याकाळी खण काढून मुखवटा बाबांनीच कोठीवर चढवला होता. काढलेला खण परत पिशवीत ठेवला तोही त्यांनीच.

"बाबा, तुमी..."

"दहाला हाय ना ते?" व्यंकटराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "साडेनऊ झाले. चप्पल कुठं हाय तुझी? चल."

"मी वाट दाखवतो," सूर्यभान घाईघाईनं पुढं झाला. तो सकाळपासून फाटकाशी उगाच उभा होता.

व्यंकटरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू ताट वाजवायला शिक आधी. पुढच्या साली लागंल." आणि ते निघालेसुद्धा. द्वारकेनं जाता जाता मागं वळून पाहिलं. सूर्यभान तिथंच उभा होता आणि हवेत बोटानं ठोके मोजत होता, तीन आणि दम.

कॉलेजच्या रस्त्याला विद्यापीठाची कापसाची शेतं होती, पाट्या लावलेली, आखीव. व्यंकटराव चालता चालता थांबले. शेतकरी माणूस, दुसऱ्याच्या पिकाला नाव ठेवल्याशिवाय पुढं कसा जाणार? "एवढे मोठे साहेब लोक," ते म्हणाले, "अन् पानं लाल पडायलीत. पाणी कमी हाय."

"बाबा," द्वारका म्हणाली, "पान उलटून बघा."

सबंध जन्म शेतीत घालवलेल्या व्यंकटरावांनी लेकीकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा सावरून ते बांधावर वाकले, पान उलटं केलं आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तिरपे पळायलेत की गं."

मग ताठ होत त्यांनी हात झटकले आणि लेकीच्या पाठीवर थाप मारली. "चल, पाय उचल लवकर. अन् आत गेल्यावर पहिलं हेच सांग त्या साहेबाला."